बेहड्याच्या ढोलीची नोंद

त्या वर्षी माझी ट्रंक कॉटखाली कायम अर्धी भरलेली असायची. पोलादपूरला स्टँडच्या मागे मी भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते. नवरा, सासूबाई आणि तीन वर्षांची मुलगी घाटापलीकडे वाईला. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज करून दीड वर्ष झालं होतं. ऑर्डर या सोमवारी येईल, नाहीतर पुढच्या, या आशेवर मी धुतलेल्या साड्या मांडणीवर न ठेवता पुन्हा ट्रंकेतच घालत असे. भिंतीवर कॅलेंडरसाठी खिळासुद्धा ठोकला नव्हता.

शाळा कापडे गावाच्या पुढे, उमरठच्या रस्त्यावरच्या एका वाडीत होती. दोन शिक्षकी शाळा, मी आणि एक वयस्कर गुरुजी. शाळा पाचला सुटायची आणि परतीची एसटी साडेसहाच्या पुढे कधीतरी यायची. गुरुजी त्याच वाडीतले, ते घरी जात. मी एकटी थांब्यावर. बसून राहणं मला जमत नव्हतं. बसलं की मुलगी डोळ्यांसमोर यायची, आता ती काय करत असेल, कुणाच्या हातचं जेवत असेल. म्हणून मी चालायची. थांब्यापासून ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून वरच्या पायवाटेपर्यंत आणि परत. एसटीचा आवाज आला की धावत खाली.

जानेवारीत महाडला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथे शेवटच्या तासाला एक निवृत्त विज्ञान शिक्षक बोलायला आले. सत्तरीचे, गुडघे दुखत असल्यामुळे खुर्चीतच बसून बोलले. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. ते जिल्ह्यातल्या पक्ष्यांच्या नोंदी गोळा करत होते. "मला जाणकार नकोत," ते म्हणाले. "एकाच वाटेनं दर आठवड्याला जाणारं माणूस हवं. जे दिसेल ते लिहायचं, महिनाअखेर मला पाठवायचं. वर्षभर, एक आठवडा न चुकवता. कोण करेल?"

मी हात वर केला. वर्षभर मी इथे राहणार नाही याची मला खात्री होती. जाणारं माणूस कबूल फार पटकन होतं.

सरांनी मला त्यांची जुनी दुर्बीण वापरायला दिली आणि वहीत रकाने आखून दिले. तारीख, वेळ, जागा, पक्षी, किती, काय करत होता. जागेच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. "ही नेमकी लिहा, बाई. दुसरा माणूस तुमचं लिहिलेलं वाचून तिथे जाऊन उभा राहिला पाहिजे. जागेशिवाय नोंद म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट."

आम्ही चौदा जण होतो. कुणी कंपाउंडर, कुणी तलाठी, एक एसटीतले कंट्रोलर, बाकीचे बहुतेक शिक्षक. सगळ्यांची महिनाअखेरची पोस्टकार्डं आली की सर त्यांतून एक पत्रक तयार करायचे, झेरॉक्स काढून प्रत्येकाला पोस्टाने पाठवायचे. पहिल्या पत्रकात माझ्या नावापुढे तीन ओळी होत्या आणि सोबतच्या चिठ्ठीत लाल शाईने प्रश्न. "तुम्ही सगळ्या तपकिरी पक्ष्यांना चिमणी लिहिलं आहे. शेपटी वर होती का खाली?" मला उत्तर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी शेपटी बघायला गेले. फेब्रुवारी असाच लाल शाईच्या मागे धावण्यात गेला आणि माझ्या लक्षात आलं, की ओढ्याकाठी उभी असताना मी तासभर वाईचा विचार केला नव्हता. त्याचंही वाईट वाटलं.

त्या पायवाटेवर मला मावशी भेटली. डोंगरावर सहा-सात घरांचा धनगरवाडा होता. तिथून ती रोज दुधाची किटली घेऊन कापड्याला उतरायची आणि संध्याकाळी रिकामी किटली घेऊन वर जायची. साठी उलटलेली, काटक, बोलताना चालणं न थांबवणारी. मला झाडाकडे तोंड करून उभी पाहिली तेव्हा म्हणाली, "काय हरवलं गो बाई?"

मी दुर्बीण दाखवली. तिने डोळ्यांना लावली, लगेच परत दिली. "ह्यातून यकच दिसतं. बाकीचं रान कुठं जातं?"

मग रोजची ओळख झाली. वाटेत भेटली की विचारायची, "आज काय लिवलंस?" मी वाचून दाखवायची. ती ऐकून घ्यायची आणि चूक असेल तर सांगायची. मी एकदा ओढ्याजवळ दोन पिवळे हळदे पक्षी लिहिले होते. "दोन नाय, चार हायत," ती म्हणाली. "दोन वढ्याच्या त्या अंगाला बसत्यात. तू तितपत्तुर जातच नाय." दुसऱ्या दिवशी मी ओढा ओलांडून पलीकडे गेले. चार होते.

दर शनिवारी मी वाईला जायची. मार्चच्या एका शनिवारी गेले नाही. सोमवारी शाळेची तपासणी होती, कागद पुरे करायचे होते. रविवारी दुपारी कागद संपले आणि खोलीत मला कोंडल्यासारखं झालं. मिळेल ती गाडी पकडून मी कापड्याला गेले आणि वर धनगरवाड्याकडे चढायला लागले. मावशी अर्ध्या वाटेवर म्हशी घेऊन होती. माझ्याकडे बघत राहिली. "पोरीकडं नाय गेलीस?"

"नाही जमलं."

ती म्हशी सुनेकडे सोपवून आली आणि म्हणाली, "चल. तुला दाकवते."

ओढ्याच्या उजव्या हाताने वर गेल्यावर दाट रानात एक जुना बेहडा होता. तिघांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा. मावशीने मला ओढ्याच्या अलीकडे, करवंदीच्या जाळीत बसवलं. "हलू नको. बोलू नको." अर्ध्या तासाने वरून घोंघावत आवाज आला, इतका मोठा की मला वाटलं झाड मोडतंय. तो पंखांचा आवाज होता. काळापांढरा, पिवळ्या मानेचा, डोक्यावर शिरस्त्राण घातल्यासारखी प्रचंड चोच. मोठा धनेश. मावशीचे लोक त्याला गरुड म्हणतात. तो बेहड्याच्या खोडाला बिलगला. तिथे ढोली होती. तिचं तोंड लिंपून बंद केलेलं, मधे फक्त एक उभी फट. त्या फटीतून दुसऱ्या चोचीचं टोक बाहेर आलं. नराने मान हलवून घशातून एकेक फळ वर काढलं आणि त्या टोकात ठेवत गेला. मी मोजली. एकोणीस.

"मादी आत हाय," तो गेल्यावर मावशी हळूच म्हणाली. "सोताच्या हातानं दार लिपून बसते. पोर मोटं होईस्तवर. त्यानं आनलं तर खानार, नाय तर नाय." थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे कुनाला सांगू नको गो. लोक चरबीसाठी मारत्यात. गुडघ्याला लावायला."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

मार्चअखेर कार्ड लिहायला बसले. बाकीच्या नोंदी झाल्या, आणि धनेशापाशी मी थांबले. खरं सांगायचं तर फार वेळ थांबले नाही. मी तो रविवार मुलीला दिला नव्हता. त्या रविवाराचं काहीतरी मोठं व्हावं, कुणीतरी शाबास म्हणावं, असं मला वाटत होतं. शिवाय सरांचं पत्रक वाचणारे चौदा जण म्हणजे पक्ष्यांवर माया करणारी माणसं, चरबी काढणारी नव्हेत, असं मी स्वतःला समजावलं. मग जागेच्या रकान्यात लिहिलं. कापड्यापुढची वाडी, धनगरवाड्याची पायवाट, ओढ्याच्या उजव्या हाताला मोठा बेहडा. सकाळी स्टँडवरच्या पेटीत कार्ड टाकलं आणि हात आतच राहिला क्षणभर. मग एसटी आली.

सरांचं उत्तर पहिल्यांदाच निळ्या शाईत आलं. "अभिनंदन, बाई. हे फार मोलाचं आहे." पत्रकात माझी ओळ सगळ्यात वर होती. मी ते पत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि एसटीत दोनदा काढून वाचलं.

एप्रिल संपता संपता, शाळेत पेपर चालू असताना, मावशी दाराशी येऊन उभी राहिली. किटली हातात. ती शाळेत कधी आली नव्हती. मी बाहेर गेले.

"जीप आली हाय," ती म्हणाली. "दोगं हायत. मोटे क्यामेरे. वाडीत इचारत व्हते, मोटा बेहडा कुटला. त्यांच्याकडं कागद हाय." ती थांबली. "तुमी लिवलंत बाई?"

तोपर्यंत मी तिच्यासाठी तू होते.

"लिहिलं," मी म्हणाले. "मला वाटलं..."

"बरं," ती म्हणाली आणि वळून निघून गेली.

शाळा सुटल्यावर मी वर गेले. बेहड्यापासून वीस-पंचवीस हातांवर त्यांनी हिरवं कापड बांधून आडोसा केला होता. मधे येणाऱ्या फांद्या तोडून बाजूला टाकलेल्या. दोघे तिशीतले, शहरातले, बोलायला अगदी सभ्य. एकाने खिशातून पत्रकाची झेरॉक्स काढली. माझ्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

"ह्या तुम्हीच का? फार छान नोंद आहे. अगदी सरळ सापडलं."

"तो आला का?" मी विचारलं.

"सकाळपासून लांबच्या झाडावर येऊन ओरडतो. जवळ येत नाही. येईल."

"तुम्ही इथून जरा मागे सरकलात तर..."

"आम्ही काही त्रास देत नाही हो, बाई. नुसते बसलोय. उद्या दुपारी निघणार आहोत."

मी वळले. माझी एसटी होती. खाली उतरताना मी स्वतःशी भांडत होते, की परत जावं, कापड ओढून काढावं, पण माझे पाय उतारावर चालतच राहिले. ते दुसऱ्या दिवशी निघाले नाहीत, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले.

त्यानंतर शाळेला सुट्टी लागेपर्यंत चार संध्याकाळी मी त्या करवंदीच्या जाळीत बसले. फट दिसत होती. अधूनमधून चोचीचं टोक बाहेर यायचं, उघडायचं, मिटायचं, आत जायचं. नर आला नाही. निदान मी असताना आला नाही. मावशीही यायची. माझ्यापासून लांब, ओढ्याच्या वरच्या अंगाला दगडावर बसायची आणि म्हशींची वेळ झाली की उठून जायची. एकदा मी हाक मारली. तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

सुट्टी लागली. त्याच दुपारच्या गाडीने मी वाईला निघाले. आंबेनळी घाटाच्या वळणांवर नेहमी मी उजवीकडच्या खिडकीत बसून वहीत काहीतरी टिपायची. त्या दिवशी वही काढलीच नाही.

घरी सगळं होतं, ज्यासाठी मी इतके दिवस जीव टाकत होते. मुलगी मांडीवर आली आणि माझ्या बांगड्या फिरवत तिने विचारलं, "तू कधी जाणार?" मी जावं असं तिला वाटत होतं, असं नव्हे. आई म्हणजे जाणारं माणूस, एवढंच तिला ठाऊक होतं. मी तिला न्हाऊ घालायची, भरवायची, आणि मधेच हात थांबायचा. ती चोच उघडतेय, मिटतेय. सासूबाई म्हणाल्या, "अगं, घरी आलीस तर घरात तरी राहा."

तिसऱ्या दिवशी मी एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, "पत्रक त्यांना मीच दिलं. त्यांतला एक माझा विद्यार्थी. मला वाटलं, बघून खूश होतील." मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, "नोंद चालू ठेवा, बाई."

"मी वाईत आहे, सर. कशाची नोंद ठेवू?"

"हो. खरंच," ते म्हणाले.

पाचव्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला म्हणाले, "मला चार दिवस परत जायचंय." तो छापखान्यात निघाला होता, चपला घालत होता. शाळा बंद असताना कशाला, हे मी त्याला सांगितलं. पक्ष्याचं ऐकून तो हसेल किंवा चिडेल असं वाटलं होतं. त्याने दुसरी चप्पल घातली आणि म्हणाला, "जा. पण हिला घेऊन जा. सारखं मागं टाकून जाऊ नकोस." सासूबाई दिवसभर बोलल्या नाहीत, पण निघताना मुलीच्या डोक्यावर त्यांनी स्वतःच रुमाल बांधून दिला.

मुलीला गाडी लागली. महाबळेश्वर सोडल्यापासून घाट उतरेपर्यंत तीनदा. कापड्याला उतरलो तेव्हा ती कोमेजून गेली होती. तिला कडेवर घेऊन भर उन्हात मी डोंगर चढले. मावशी अंगणात शेण सारवत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, मुलीकडे पाहिलं. हात धुतले, आत जाऊन ताकाचं भांडं आणलं आणि मुलीला माझ्याकडून काढून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"उलट्या झाल्या काय गो हिला?"

"घाटात."

"पी गो बाय. वाईच पी." मुलगी परक्याकडे कधी जात नसे. तिथे निमूट प्यायली. भांडं रिकामं झाल्यावर मावशी मला म्हणाली, "मादी भाईर आली."

"कधी?"

"तू गेलीस त्याच्या चवथ्या दिवशी. चोचीनं फोडत व्हती दोन दिस. निगाली आनि खाली पडल्यावानी झाली. उडता येत नव्हतं नीट. मंग येका फांदीवर बसून राह्यली सांजपत्तुर."

"आणि पिल्लू?"

"आत हाय. दार आतनं परत लिपून घेतलंय पिल्लानंच."

"आणि तो?"

मावशीने मुलीच्या तोंडाला लागलेलं ताक पदराने पुसलं. "तो नाय दिसला."

आम्ही चार दिवस तिच्याच घरी राहिलो. मुलगी म्हशीच्या रेडकाच्या मागे फिरायची आणि तिला माझी आठवण व्हायची ती फक्त भूक लागल्यावर. पहाटे आणि संध्याकाळी मी आणि मावशी ओढ्याकाठी बसायचो, आता शेजारी शेजारी. मादी यायची. पंखांचा तो मोठा आवाज असायचा, पण एकटीचाच. उंबर, कधी दुसरी कसली लाल फळं. पहिल्या दिवशी दोनदा आली, शेवटच्या दिवशी पाच वेळा. लिंपलेल्या फटीतून एक लहान, फिकट चोच पुढे व्हायची. मी तारीख, वेळ, फळं सगळं लिहीत होते. जागेचा रकाना मोकळा सोडत होते. मावशीने ते पाहिलं असणार. तिला अक्षरं येत नव्हती, पण मोकळी जागा कुणालाही दिसते.

एकदा मी तिला विचारलं, "माझ्यामुळे गेला का गं तो?"

"त्या माणसांच्यानं असंल. कुनी मारला असंल. वय झालं असंल. आता मी काय सांगू तुला." मग म्हणाली, "लिवायला नको व्हतं."

"हो."

"येवढंच."

पाचव्या दिवशी घरचा निरोप आला. नणंदेच्या लेकीचं लग्न होतं, आम्हाला जावं लागलं. मुलगी रेडकाला सोडून यायला तयार नव्हती, घाटभर रडली आणि त्या नादात तिला उलटी झाली नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी सुटल्यावर मी पावसात वर गेले. ढोलीचं तोंड पूर्ण उघडं होतं. लिंपण गळून खोडावर काळे ओघळ आले होते. आत अंधार. खाली पालापाचोळ्यात मी काडीने उकरून पाहिलं, पंख, हाड, काही सापडेल म्हणून. काहीच नव्हतं. मावशी गोठ्यात होती.

"उडालं," ती म्हणाली. "तुमी दोगी गेल्यावर आट-धा दिसांनी. आई समोरच्या झाडावर बसून वरडत व्हती. ते दारात येऊन बसलं, परत आत गेलं, परत आलं. मंग गेलं उडून. लांब नाय, त्या आंब्यापत्तुर."

"तू बघितलंस?"

"बगितलं तर. सांगते काय मंग?"

ती धार काढत होती, पाठमोरी. मला तिचा चेहरा दिसला नाही. माझ्या मनात आलं, की ही मला बरं वाटावं म्हणून सांगत असेल. मे महिन्यात पिल्लाच्या चोचीची लांबी मी पाहिली होती, आठ-दहा दिवसांत ते उडेल का, मला कळत नव्हतं. मी तिला पुन्हा विचारू शकले असते. विचारलं नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत मी ते वाक्य कितीदा उलटसुलट केलं असेल, मला सांगता येणार नाही.

महिनाअखेर कार्ड न पाठवता मी स्वतः महाडला गेले. सर व्हरांड्यात बसले होते, समोरच्या टेबलावर सगळ्यांची कार्डं रचून ठेवलेली. माझी वही त्यांनी सावकाश वाचली.

"पिल्लू उडालं, हे कुणी पाहिलं?"

"मावशीनं."

"तुम्ही नाही."

"मी ढोली उघडी पाहिली. रिकामी."

त्यांनी पेन हातात धरून ठेवलं. त्यांचा नियम मला माहीत होता, पाहिलं असेल तेच. शेवटी त्यांनी दोन ओळी लिहिल्या. एक, ढोली उघडी, आत काही नाही, माझ्या नावाने. दुसरी, पिल्लू उडाले, आणि निरीक्षकाच्या रकान्यात 'वाडीवरच्या मावशी'. जागेच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली. आयुष्यभर ते जागा लिहा असं सांगत आले होते.

"मादी तशीही मे महिन्याच्या सुमाराला बाहेर येते," ते म्हणाले. "म्हणजे नर तुमच्या कार्डामुळे गेला, असं मला लिहिता येणार नाही. कार्डामुळे गेला नाही, असंही लिहिता येणार नाही. तुम्हाला हे असंच ठेवावं लागेल, बाई. मलाही."

पुढचे महिने मी नोंदी ठेवल्या. भाताची लावणी झाली, कापणी झाली, थंडीचे पाहुणे आले, ते मी लिहिले. पण ओढ्याकाठी गेले की आधी मान वर जायची आणि कान आभाळाकडे. कुठलाही मोठा आवाज झाला, घाटात ट्रकने गिअर बदलला तरी मी थबकायची. शाळेच्या सुट्ट्या सोडल्या तर वर्षात माझे तीनच आठवडे चुकले.

डिसेंबरात सरांनी सगळ्यांना घरी बोलावलं. चौदांपैकी अकरा जण आले. सरांनी वर्षाचा एकत्र तक्ता वाचून दाखवला, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाईंना काही सांगायचंय." त्यांनी मला आधी विचारलं नव्हतं. मी उभी राहिले आणि मार्चच्या कार्डापासून सगळं सांगितलं, मावशीला दिलेल्या शब्दासकट. तलाठी म्हणाले, "पण बाई, जागाच नाही लिहिली तर उद्या ते रान तुटताना आपण काय दाखवणार?" त्यांचं चूक नव्हतं. कंपाउंडर म्हणाले, जागा सरांपाशीच राहू दे, पत्रकात नको. बोलणं बराच वेळ चाललं, आवाज चढले, चहा थंड झाला. शेवटी ठरलं ते कंपाउंडरांचंच. पुढच्या वर्षी दोघांनी कार्डं पाठवायचं थांबवलं. सरांना ते लागलं, पण पत्रक चालू राहिलं.

फेब्रुवारीत माझी ऑर्डर आली. ज्या कागदाची मी अडीच वर्षं वाट पाहिली तो हातात घेऊन मी स्टँडवर उभी होते आणि मला कुठे जावं ते कळेना. आधी वर गेले. मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. पोर हाय तुझी." मग तिने मुलीसाठी तुपाचा एक डबा दिला आणि माझ्याबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत उतरली. बेहड्याच्या बाजूला आम्ही दोघींनीही पाहिलं नाही.

वाईला मला गावातलीच शाळा मिळाली. ट्रंक माळ्यावर गेली. मुलगी मला कधी जाणार असं विचारायची थांबली, पण मीच संध्याकाळी पाच वाजले की उठून उभी राहायची, जणू कुठली तरी गाडी गाठायची आहे. नवरा म्हणायचा, "बस ना जरा." मी बसायची आणि पुन्हा उठायची.

एप्रिलमध्ये एकदा भाजी घेऊन स्टँडवरून येत होते. महाडकडची गाडी लागली होती. कंडक्टर ओळखीचा, दर शनिवारी मी त्याच्याच गाडीने यायची. त्याने हाक मारली. "बाई, तुमच्यासाठी निरोप आहे. कापड्याला ती दूधवाली मावशी चढली होती. म्हणाली, दोघं आलेत. दुसऱ्या झाडाला बसलेत."

"कुठल्या झाडाला?"

"ते विचारलं मी. म्हणाली, बाईला झाड सांगायचं नाही."

मी तिथेच भाजीची पिशवी खाली ठेवून हसायला लागले, आणि मग माझे डोळे भरून आले. दोघं म्हणजे कोण दोघं, तीच मादी का, नर कुठून आला, हे सगळं मला विचारायचं होतं, पण त्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने घंटी मारली आणि गाडी निघाली.

त्या संध्याकाळी मी सरांना पत्र लिहायला घेतलं. धनेशाची ओळ लिहिली आणि कागद फाडला. दुसऱ्या कागदावरही तेच झालं. तिसऱ्यावर लिहिलं, की मी बरी आहे, मुलगी बालवाडीत जायला लागली आहे, आणि कृष्णेच्या घाटावर अजून दोन परीट पक्षी दिसतात, सकाळी साडेसहाला, गणपतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर. ते पाकिटात घालून मुलीला घेऊन मी पेटीपर्यंत चालत गेले.